खालसातून संस्थानात, तिथून इमॅजिकाला

आमच्या निडी गावाहून पालीला जायचे तर आधी भिसे खिंड ओलांडून नागोठण्यात उतरायचे, तिथून मुंबई-गोवा रस्त्याने वाकण फाट्यावर यायचे आणि डावीकडे वळायचे. पुढे आंबा नदीच्या सोबतीने पाली, परळी, जांभूळपाडा करत हा रस्ता खोपोलीला बोरघाटाच्या पायथ्याशी जाऊन टेकतो. आज ही सगळी गावे एकाच रायगड जिल्ह्यातली. रोहा, सुधागड, खालापूर अशा तालुक्यांच्या पाट्या तेवढ्या बदलतात आणि गाडीत बसलेल्याला त्या दिसतही नाहीत. ८ मार्च १९४८ पर्यंत मात्र या वाटेने जाणारा माणूस दोनदा राज्य बदलत असे. रोहा खालसा मुलखात, म्हणजे थेट इंग्रजी अमलात होता. पालीभोवतीचा सुधागड तालुका भोरच्या पंतसचिवांचा होता. तो संपून खालापूर लागले की पुन्हा खालसा.

एस.टी.च्या रोहा आगारात वाहक म्हणून मी उभी हयात काढली. पालीच्या फेऱ्या केल्या, माघी जत्रेच्या जादा गाड्यांवर गेलो, शाळांच्या सहली नेल्या. गेल्या हिवाळ्यात मुलगा, सून आणि नातवंडांबरोबर याच रस्त्याने इमॅजिका या मौजेच्या बागेत गेलो. नातवंडांची ही पहिली मोठी सहल. माझ्या आजीच्या आयुष्यातली मोठी सहलही याच वाटेवरची होती आणि तिला तर खरीखुरी राज्याची हद्द ओलांडावी लागे. या दोन सहलींच्या मधे कितीतरी इतिहास घडून गेला आहे. तो लिहून ठेवावा असे फार दिवस मनात होते.

हद्दीपासून सुरुवात करतो. छत्रपती राजाराम महाराजांनी १६९७ मध्ये शंकराजी नारायण यांना सचिवपद दिले. जिंजीच्या वेढ्याचा तो काळ. मुलूख राखण्याचे काम ज्यांनी केले त्यांच्याकडे त्या मुलखाची व्यवस्था आली आणि सचिवांचे घराणे भोरला स्थिरावले. त्यांचा बहुतेक प्रदेश घाटावर मावळात होता. सुधागड तेवढा घाटाखाली, कोकणात. हा गड पूर्वीचा भोरप. शिवाजी महाराजांच्या काळात त्याचे नाव सुधागड झाले. गडावरची भोराई ही सचिव घराण्याची कुलदेवता आणि पंतसचिवांचा वाडाही गडावर आहे. कुलदेवता घाटाखाली आणि राजधानी घाटावर, अशी या संस्थानाची मांडणी होती. पालीचा शेतकरी मोठ्या कामासाठी सह्याद्री चढून भोरला जाई. त्याचा शेजारी निडीचा शेतकरी रोह्याला किंवा अलिबागला जाई.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२० मध्ये इंग्रजांनी सातारच्या जहागीरदारांशी करार केले, त्यांत पंतसचिवही होते. पुढे सातारा खालसा झाल्यावर भोरचा संबंध थेट इंग्रजांशी जोडला गेला. पश्चिमेला आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये बुडाले आणि १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा उभा राहिला. रोहा आणि पेण त्याचे तालुके झाले. माझ्या गावाचे नाव सात-बारावर आजही ‘निडी तर्फे अष्टमी’ असे आहे. तर्फ हा त्याच्याही आधीचा महसुली विभाग. म्हणजे राज्ये बदलली, जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले, पण उताऱ्यावरचा तर्फ अजून हललेला नाही.

भोर संस्थान किती वेगळे होते ते त्याच्या टपालाच्या तिकिटांवरून कळते. १८७९ मध्ये संस्थानाने अर्ध्या आण्याची आणि एक आण्याची तिकिटे काढली. तांबड्या शाईतली, हाती ठशाने उमटवलेली. १९०१ च्या तिकिटावर तर पंतसचिव शंकरराव यांची तसबीर होती. नागोठण्याच्या बाजूला इंग्रजांच्या राणीचे टपाल आणि चार कोसांवर पालीला पंतसचिवांचे. तिकिटे फाडण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे फार मोलाचे वाटते. कोणत्या मुलखात कोणाचे तिकीट चालते, यावरून तिथे सत्ता कोणाची हे ओळखावे.

हद्दीला अर्थ होता तो सरकारी कामात. इंग्रजी पोलिसाला संस्थानात जाऊन कोणाला थेट बेडी घालता येत नसे. गुन्हेगार ताब्यात घ्यायला १९०३ चा प्रत्यार्पणाचा कायदा लागे, कागद फिरावे लागत. १९४२ च्या चळवळीत साताऱ्याकडच्या भूमिगतांना औंध संस्थानाचा आसरा मिळाला, तो अशाच हद्दीमुळे. कोर्टकचेरी वेगळी, शेतसारा वेगळा, जंगलाचे नियम वेगळे. आमच्या घरात हद्दीची झळ लागली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले आणि धान्याच्या ने-आणीवर सगळीकडे बंधने आली. आजी सांगायची की एरवी माहेरून तांदळाची गोण बिनघोर यायची, पण त्या वर्षांत तिचा भाऊ पायलीभर तांदूळ द्यायलाही रात्रीचा यायचा.

माझी आजी पालीजवळच्या एका पाड्यावरची. तिचे लग्न होऊन ती निडीत आली १९३० नंतर दोन-तीन वर्षांत. निडीच्या बायका तिला ‘संस्थानातली’ म्हणत आणि तिच्या माहेरी आजोबांना ‘खालसातले जावई’ म्हणत. सोयरिकींना या हद्दीने कधी अडवले नाही. भात तेच, वाल तेच, लग्नातली गाणी तीच. आंबा नदी वर जांभूळपाड्याकडे उगम पावते, पालीजवळून वाहते आणि नागोठण्याहून धरमतरच्या खाडीला मिळते. तिच्या काठाने माणसे राहत आली, मुली देत-घेत आली. राज्याची रेघ मधून गेली तरी खोऱ्याचे खोरेपण मोडले नाही.

आजीची सहल माघ महिन्यात असे. माघ शुद्ध चतुर्थीला पालीच्या बल्लाळेश्वराची जत्रा. भात झोडून झालेले, रानात वालाच्या शेंगा भरलेल्या, थंडी सरत आलेली. वर्षात घराला कुलूप लावून सगळ्यांनी बाहेर पडावे असा हाच काय तो दिवस. आदल्या रात्री तांदळाच्या भाकऱ्या भाजून ठेवायच्या, वालाच्या बिरड्याचे भांडे फडक्यात बांधायचे आणि पहाटे चांदणे असताना बैलगाडी जुंपायची. एका गाडीत दोन घरांची पोरे. पुरुष गाडीबरोबर चालत. भिसे खिंडीच्या चढाला बायकाही उतरत, कारण बैलांना भार होई. नागोठण्याला आंबेवर निजामशाहीच्या काळातला दगडी पूल आहे, सोळाव्या शतकातला. तिथे गाड्या एकमेकींना गाठत आणि पुढे तांडा करून निघत. आजी म्हणायची, पुढे एक दगड होता आणि ‘इथून पंतांचे’ असे आजोबा दर वर्षी न चुकता सांगायचे. मुलांना त्या दगडावरून उडी मारायची भारी हौस. एक पाय खालसात आणि एक संस्थानात ठेवून उभे राहायचे, मग पळत गाडी गाठायची. फिरत्या पाळण्यात बसण्याआधीचा तो पहिला खेळ.

पालीचे देऊळ दगडी आहे. पेशवाईत जुन्या लाकडी देवळाच्या जागी ते बांधले गेले. चिऱ्यांच्या सांध्यांत शिसे ओतलेले आहे. दार पूर्वेला. दिवस मोठा व्हायला लागतो त्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर येतील अशी आखणी आहे. मागे धुंडीविनायक, त्याचे तोंड पश्चिमेला. आधी त्याचे दर्शन घ्यायचे, मग बल्लाळेश्वराचे. देवळात एक युरोपी घडणीची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांना वाहिल्या गेल्या. पालीची घंटा त्यांतलीच म्हणतात. आपल्याकडच्या घंटेचा टोल पटकन विरतो, हिचा नाद लांबतो. आजीला वसई आणि फिरंगी यांची गोष्ट याच घंटेमुळे ठाऊक होती. शाळा तिने पाहिली नव्हती. इतिहासाचा तिचा पहिला धडा जत्रेत झाला.

दर्शन झाले की जत्रा. बांगड्यांची दुकाने, गोडी शेव, बत्तासे, पितळेची भांडी, कोयते-विळे विकणारे, रानातला मध आणि मोळ्या घेऊन आलेले कातकरी. आणि लाकडी फिरता पाळणा. चार पेट्यांचा, मधल्या खांबावर फिरणारा, दोन माणसे हाताने फिरवत. वर गेलेल्या पेटीतून सरसगड किल्ल्याची कातळभिंत डोळ्यांसमोर येई आणि पोटात गोळा उठे. त्या पाळण्याचे वर्णन आजीने मला इतक्या वेळा केले की त्याचा करकर आवाज मी स्वतः ऐकला आहे असे वाटते. जमले तर परतीला उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचे. चालून आलेल्या पायांना तो मोठा आराम. अंधार पडायला नागोठणे, मध्यरात्रीला घर.

जत्रेला दार नव्हते, असे म्हणायला मन धावते. पण दार होते. गाड्यांच्या तांड्यात शेवटची गाडी महारवाड्यातली असे आणि ती माणसे देवळाच्या पायरीपर्यंत येत नसत. दुरून कळसाला हात जोडायचे आणि जत्रेतला सौदा करून परतायचे. पंतांच्या दगडावरून त्यांची पोरेही उड्या मारत, तिथे त्यांना कोणी हटकले नाही. हटकले ते देवळापाशी. याच कुलाबा जिल्ह्यात मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी पिऊन दाखवले होते. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला १९४७ मध्ये आणि अस्पृश्यता घटनेने संपवली ती १९५० मध्ये. माझे वडील लहानपणी त्या तांड्यात होते. त्यांनी मला हे स्पष्ट सांगितले, आणि मीही ते इथे स्पष्ट लिहितो. सरकारी नकाशावरची रेघ ओलांडायला उडी पुरत होती. माणसांनी माणसांभोवती आखलेली रेघ ओलांडायला लढा द्यावा लागला.

मग १९४८ आले. ८ मार्चला भोर मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच दिवशी जंजिराही विलीन झाले. सुधागड कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला, तसेच जंजिऱ्याचे मुरूड, म्हसळे, श्रीवर्धनही. अडीचशे वर्षांचा पंतांचा अंमल संपला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली. तिचे वाहक लक्ष्मण केवटे. आमच्या खात्यात हे नाव आदराने घेतले जाते. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय मला नोकरीत लागली. विलीनीकरणाने हद्द गेली आणि एस.टी.ने हद्दीपलीकडचे गाव गरिबाच्या आवाक्यात आणले. पहिल्या गोष्टीची नोंद इतिहासाच्या पुस्तकात मिळते. दुसरीची फारशी मिळत नाही, म्हणून ती मी सांगतो.

एस.टी.चे भाडे टप्प्यावर चालते. सहा किलोमीटरचा एक टप्पा. गाडीत बसलेला खोत असो की मजूर, टप्पा सारखा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. जत्रेला आम्ही जादा गाड्या सोडत असू. पालीच्या स्थानकात पहाटेपासून रांग लागे आणि परतीच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत चालत. हातात तिकिटांचा ट्रे, बोटांत पंच, काखेत पैशाची पिशवी. गर्दीतून वाट काढत शेवटच्या बाकापर्यंत जायचे, परत पुढे यायचे, डबल बेल द्यायची. मागच्या बाकावर एक आई पोराला मांडीवर घेऊन म्हणायची, ‘मास्तर, ह्याचं तिकीट नाही हो, पाच पूर्ण व्हायचीयत.’ पोराच्या ओठावर मिसरूड फुटायचे बाकी असायचे तेवढेच. मी पोराला विचारायचो, ‘कितवीत रे तू?’ आणि पोरगा अभिमानाने सांगायचा, ‘चौथीत.’ सगळी गाडी हसायची, आईसुद्धा, आणि अर्ध्या तिकिटाचे पैसे पुढे यायचे. त्या बाकांवर कोण कुठल्या वाडीचा हे कोणी विचारत नसे. ज्या माणसांच्या आजोबांची गाडी तांड्याच्या शेवटी असे, ती माणसे पुढच्या बाकावर खिडकीशी बसून पालीला जात. मी त्यांना तिकीट दिले आहे. नोकरीतले ते सुख पगारात मोजता येणार नाही.

पावसाळ्यात आंबेचे पाणी पुलावरून गेले की पालीची वाट बंद व्हायची. जुलै १९८९ मधला जांभूळपाड्याचा पूर तर अख्ख्या तालुक्याच्या काळजावर कोरलेला आहे. रात्रीत नदी गावात शिरली, घरे आणि माणसे गेली, खाली नागोठण्यातही पाणी भरले. आज त्या भागातून गाड्या इमॅजिकाकडे जातात, तेव्हा खिडकीतल्या मुलांना कोणीतरी हे सांगितले पाहिजे.

इमॅजिकासारखी मौजेसाठी खास बांधलेली जागा, ही कल्पना जगात जुनी आहे. कोपनहेगनचे टिव्होली १८४३ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी जुलै १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले आणि एकेका कथेभोवती रचलेल्या बागेची रीत तिथून पसरली. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४ मधले. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड आले आणि आमच्या शाळांच्या सहलींचे नकाशे बदलले. त्याआधी प्रासंगिक करारावर गाडी घेऊन शाळा रायगड, प्रतापगड, मुरूड-जंजिऱ्याला जात. आता मुले गुरुजींना ‘एस्सेलवर्ल्ड’ म्हणून सांगू लागली. भाईंदर-उत्तन मार्गे आम्ही गाड्या नेल्या. पहाटे निघालेली मुले रात्री परत येताना एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली असत आणि गाडीत खोबरेल तेल, चिवडा आणि ओल्या कपड्यांचा वास दाटलेला असे. ते एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले.

तोवर बाग आमच्या दारात आली होती. अ‍ॅडलॅब्ज ही चित्रपटांची प्रयोगशाळा उभी करणारे मनमोहन शेट्टी यांनी एप्रिल २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात सांगडेवाडीजवळ, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू केले. २०२२ पासून ती मालपाणी समूहाकडे आहे. जागा तीच का, याचे उत्तर नकाशात आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खोपोली दोन्ही शहरांच्या मधली, दोन्हीकडून सारखी सोयीची जागा ठरली. पण हे मधलेपण नवे नाही. बोरघाटाखालची ही वाट घाट आणि बंदर यांना जोडणारी. जवळच उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची वाट रोखली होती. खोपोलीत नाना फडणीसांनी तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र याच गावात सुरू झाले आणि इथून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. लष्कर, व्यापार, वीज आणि आता मौज. या पायथ्याने सगळ्यांना जागा दिली.

गेल्या हिवाळ्यातली आमची सहल अशी झाली. मुलाने भाड्याने गाडी ठरवली. सुनेने पहाटे उठून भाकऱ्या थापल्या. ‘बाबा, आत डबा नेऊ देत नाहीत, आधीच खाऊन घेऊ,’ ती म्हणाली, म्हणून पालीला दर्शन घेतल्यावर गाडीतळावर डबे उघडले. वालाचे बिरडे, भाकरी, लसणाची चटणी. घंटा दाखवली तेव्हा नातीने विचारले, ‘आजोबा, चर्चमधली घंटा देवळात कशी चालते?’ मी वसईची गोष्ट सांगितली. गोष्ट ऐकून नात म्हणाली, ‘मग वसईचे लोक काय वाजवत असतील?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि आजवर तो मला सुचलाही नव्हता.

इमॅजिकाच्या दारात मुलांचे तिकीट वयावर ठरत नाही, उंचीवर ठरते. भिंतीशी खुणेची पट्टी, तिच्यापाशी पोरे टाचा टेकवून उभी. नातू श्वास रोखून ताठ झाला, कारण मोठ्यांच्या पाळण्यांत बसायला उंची भरावी लागते. एस.टी.त आया तिकीट वाचवायला पोराला लहान करत. इथे पोरेच मोठी व्हायला धडपडतात. नायट्रोच्या उंच रुळांवरून गाडी उलटीसुलटी गेली तेव्हा मुलगा आणि नात त्यात होते. मी खाली नातवाचा हात धरून उभा होतो. वरून येणारा आरडाओरडा ऐकून मला आजीच्या लाकडी पाळण्याची आठवण झाली. पोटात गोळा उठवून घेण्यासाठी माणूस पैसे मोजतो, घाबरतो, हसत खाली उतरतो आणि पुन्हा रांगेत लागतो. हे शंभर वर्षांत बदललेले नाही.

राजासॉरसच्या होडीत आम्ही सगळे बसलो. अंधारात गर्जना, पाण्याचे शिंतोडे आणि मग एकदम खोल उतार. नातवाला मी सांगितले की हा प्राणी कल्पनेतला नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये त्याची हाडे मिळाली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव दिले गेले. तो हिंडत होता त्या युगाच्या अखेरीस दख्खनच्या लाव्हाचे थर साचत गेले आणि त्याच थरांतून समोरचा सह्याद्री घडला. नातवाने मान वर करून डोंगराकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिला. मला सर्वांत भावले ते ‘आय फॉर इंडिया’. खुर्च्या उचलल्या जातात, पाय लोंबकळतात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आपण देशावरून उडत जातो. ज्या देशात माझ्या आजीला माहेरी जाताना राज्य बदलावे लागे, तो देश पायाखालून सलग वाहत होता. डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या सुनेने काही न विचारता माझ्या हातावर हात ठेवला.

आता जे सांगायचे ते सरळ सांगतो. मोठ्या माणसाच्या तिकिटाला तिथे हजारावर पैसे पडतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची रोजची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे एका तिकिटाला चार दिवसांची मजुरी, आणि नवरा-बायको, दोन पोरे धरली तर अर्ध्या महिन्याचा खाडा. एवढी यंत्रे उभारायची, राखायची, सुरक्षित चालवायची तर खर्च येतो हे मला कळते; एस.टी.चे इंजीनही फुकट चालत नाही. पण परतीच्या वाटेवर परळीच्या अलीकडे रस्त्याकडेला ठाकूर-कातकरी वाड्यांतली पोरे उभी होती. मी गाडी थांबवून विचारले, ‘इमॅजिका बघितलंय का रे?’ एक जण म्हणाला, ‘लांबून बघितलंय. गाडी वरून उलटी जाते.’ लांबून बघितलंय, हे शब्द मी वडिलांच्या तोंडून देवळाच्या बाबतीत ऐकले होते. दोन्हींत फरक आहे. तिथे जन्म आडवा येत होता, इथे पैसा येतो. तिथे कायदा आणि लढा लागला, इथे कोणी कोणाला हीन लेखत नाही. तरी पोराच्या बाजूने पाहिले तर वाट तशीच तुटते.

एस.टी.ने हे कोडे आपल्या परीने सोडवलेले आहे. शाळांच्या सहलींना सवलत. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. सगळ्यांनी पूर्ण पैसे दिले तरच गाडी सुटेल, असे आम्ही कधी म्हटले नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या तालुक्याच्या मातीवर ही बाग उभी आहे, त्या खालापूरच्या, आणि शेजारच्या सुधागड, रोहा, पेणच्या जिल्हा परिषद शाळांसाठी वर्षातले काही दिवस, गर्दी नसते अशा हंगामातले, नाममात्र दराने राखून ठेवावेत. आश्रमशाळांची मुले आधी न्यावीत. गाडी एस.टी.ची असावी. वाटेत गुरुजींनी पालीची घंटा दाखवावी, उंबरखिंड दाखवावी, आंबेच्या पुलावर जांभूळपाड्याची गोष्ट सांगावी आणि वाकणच्या पुढे कुठेतरी गाडी थांबवून मुलांना उतरवावे. ‘इथे एक राज्य संपायचे आणि दुसरे सुरू व्हायचे’ एवढे सांगावे आणि त्यांना उड्या मारू द्याव्यात.

त्या गाडीवर वाहक कमी पडला तर मला बोलवावे. गुडघे दुखतात, पण शेवटच्या बाकापर्यंत मी अजून चालत जाईन, आणि एकाही पोराला तू कुठल्या वाडीचा असे विचारणार नाही.